तीन मापांची छिद्रं: झिओलाइटचे उत्प्रेरक आणि लेप कसे बनवतात

वाघोलीच्या दगडखाणींतून निघालेले निळे-पांढरे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. निळं ते कॅव्हन्साइट. काटेकोर बोलायचं तर ते झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या सच्छिद्र सांगाड्याचं खनिज, नव्हे. पण ज्या मोतिया रंगाच्या पात्यांवर ते बसलेलं असतं, ते स्टिल्बाइट मात्र अस्सल झिओलाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत गरम पाणी झिरपलं. त्याने खडकातला सिलिका, ॲल्युमिना, कॅल्शियम, सोडियम विरघळवून आणलं आणि सावकाश स्फटिक घडले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, चॅबाझाइट अशी त्यांची नावं. रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्यांना ती बहुधा ठाऊक नसतात, पण असा तुकडा बाजूला काढून ठेवायचं मात्र ते विसरत नाहीत.

वाघोलीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९५० साली सुरू झालेली ही एनसीएल. खडकाच्या पोकळीत जे रसायन हजारो वर्षं चाललं, जवळपास तेच तिथे पोलादी भांड्यात दोन-तीन दिवसांत उरकतात. डॉ. पॉल रत्नसामी पुढे या संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून १९८०च्या दशकात झिओलाइटचे उत्प्रेरक इथे तयार होऊन थेट कारखान्यांत गेले. त्यातली ‘झायलोफायनिंग’ ही प्रक्रिया बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीत वापरात आली. ‘अल्बीन’ ही दुसरी प्रक्रिया बेंझिन आणि अल्कोहोलपासून इथिलबेंझिन बनवते. इथिलीन वायूऐवजी थेट अल्कोहोल वापरायचं, ही त्यातली खास आपल्याकडची सोय.

हे सगळं ‘झिओलाइट नावाची एक पूड असते, ती घातली की अभिक्रिया होते’ अशा सुरात सांगितलेलं बऱ्याचदा वाचायला मिळतं. पूड म्हणजे उत्प्रेरक नव्हे. कामाचा झिओलाइट बनवणं म्हणजे तीन वेगवेगळ्या मापांची छिद्रं तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर तयार करणं. पुढचं छिद्र पाडताना मागचं बुजू द्यायचं नाही, इथे सगळं कसब लागतं. अणूएवढी छिद्रं स्फटिक घडतानाच घडतात. त्यांच्यापर्यंत पोचायचे जरा रुंद मार्ग नंतर कोरावे लागतात. आणि शेवटची, सर्वांत मोठी, पुडीची गोळी किंवा लेप करताना कणाकणांमध्ये राखावी लागतात.

आधी सर्वांत लहान माप. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि हे चारही शेजारच्या चौघांशी सामाईक असतात. असा सांगाडा तिन्ही दिशांना वाढत जातो. वाळूतल्या क्वार्ट्झमध्येही हेच असतं, पण तिथे बांधणी गच्च असते. झिओलाइटमध्ये ती मोकळी राहते आणि आत ठरावीक मापाच्या वाटा व खोल्या तयार होतात. झिओलाइट ए या प्रकाराच्या तोंडाचं माप सुमारे ०.४ नॅनोमीटर, झेडएसएम-५चं सुमारे ०.५५, आणि पेट्रोल शुद्धीकरणात वापरतात त्या वाय प्रकाराचं ०.७४. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मापातला हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण रेणूच्या लेखी आत जाता येणं आणि बाहेर राहणं एवढ्यावरच ठरतं.

याचं नेहमीचं उदाहरण झायलिन या खनिज तेलातून मिळणाऱ्या द्रवाचं. झायलिनचे तीन भाऊ आहेत: पॅरा, मेटा आणि ऑर्थो. तिघांतही अणू तेवढेच, फक्त दोन हात कुठे जोडलेत त्यात फरक. पॅरा सडपातळ, बाकीचे दोघे आडवे. झेडएसएम-५च्या वाटेतून पॅरा भराभर निसटतो, ते दोघे रेंगाळतात आणि रेंगाळता रेंगाळता आतच रूप बदलून पॅरा होतात. पॉलिएस्टरच्या धाग्याला लागतो तोही पॅराच. झायलोफायनिंगचं कामही झायलिनच्या याच रूपांतराचं.

रूप बदलतं ते आम्लामुळे. सांगाड्यात मधूनमधून सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं. ॲल्युमिनियम एक प्रभार कमी आणतं, त्यामुळे त्या जागी सांगाडा ऋण होतो. तो भरून काढायला जवळ सोडियमसारखा धन आयन येऊन बसतो. सोडियमच्या जागी हायड्रोजन बसवला की तिथे तीव्र आम्लाची जागा तयार होते. म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं गुणोत्तर एकाच वेळी दोन गोष्टी ठरवतं. ॲल्युमिनियम जास्त असेल तर आम्लाच्या जागा जास्त, पण उष्णता आणि वाफेपुढे सांगाडा कमकुवत. हा तिढा लेखात शेवटपर्यंत आपला पिच्छा पुरवणार आहे.

आता कृती. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर यांनी प्रयोगशाळेत झिओलाइट घडवायला सुरुवात केली. १९४९च्या सुमारास अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांनी एक सोपी पण दूरगामी गोष्ट केली. खनिजांची पूड उच्च दाबाखाली शिजवण्याऐवजी त्यांनी सोडियम सिलिकेट, सोडियम ॲल्युमिनेट आणि कॉस्टिक सोडा पाण्यात मिसळून ताजं, अस्फटिक जेल केलं. असं जेल इतकं क्रियाशील असतं की शंभर अंशांच्या आतच त्यातून स्फटिक बाहेर येतात. झिओलाइट ए आजही असाच होतो: ८० ते १०० अंश, काही तास. कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मृदू करायला घालतात तो हाच, आणि त्याला कुठलाही महागडा घटक लागत नाही.

वाय प्रकाराचे नखरे जास्त. जेल केल्यावर ते लगेच तापवायचं नाही, साध्या तापमानाला दिवसभर स्वस्थ ठेवायचं. या वेळात डोळ्यांना काही दिसत नाही, पण स्फटिकांचे बीजकण इथेच जमतात. घाई केली किंवा नको तेव्हा जोरात ढवळत बसलात, तर वायऐवजी पी नावाचा दुसराच, कमी उपयोगाचा झिओलाइट हाती येण्याची शक्यता असते. ज्यांना वेळ वाचवायचा असतो ते आधीच्या खेपेतले थोडे स्फटिक बीज म्हणून टाकतात.

झेडएसएम-५साठी मात्र सिलिका जास्त लागते आणि तापमानही: १५० ते १८० अंश. पाणी एवढ्या उष्णतेला उघड्या भांड्यात द्रव राहत नाही, म्हणून ऑटोक्लेव्ह, म्हणजे आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेलं घट्ट झाकणाचं पोलादी भांडं. १७० अंशांना आतला दाब नुसत्या वाफेमुळेच वातावरणाच्या सुमारे आठपट होतो. भांडं काठोकाठ कधीच भरायचं नाही, पाणी फुगायला जागा ठेवायची. हे न पाळल्यास काय होतं, ते पाहायची पाळी कुणावर येऊ नये.

या जेलमध्ये आणखी एक पाहुणा असतो: टेट्राप्रोपिल अमोनियम नावाचा सेंद्रिय आयन. त्याला टेम्प्लेट म्हणतात. सिलिकाचा सांगाडा त्याच्याभोवती बांधला जातो आणि तो वाटांच्या चौकाचौकांत अडकून राहतो. सांगाडा पुरा झाला की त्याचं काम संपतं. हा टेम्प्लेटच बऱ्याचदा पूर्ण कृतीतला सर्वांत महाग घटक असतो, आणि शेवटी तो जाळायचाच असतो. कुणाही हिशेबी माणसाला हे खटकेल. म्हणून टेम्प्लेट कमी करणं किंवा नुसत्या बीजावर काम भागवणं, याच्या मागे उद्योग कायम असतो.

शिजवण्याबद्दल एक गैरसमज असा की जास्त वेळ ठेवलं तर स्फटिक आणखी चांगले होतात. काही मर्यादेपर्यंत खरं. पण झिओलाइट हा रसायनाचा शेवटचा मुक्काम नसतो, मधला थांबा असतो. जेल आधी झिओलाइट होतं, आणि वेळेवर बाहेर काढलं नाही तर पुढे निघून जातं. झिओलाइट एचा सोडालाइट होतो. झेडएसएम-५ क्वार्ट्झकडे सरकतो, आणि क्वार्ट्झ म्हणजे वाळू. एवढा महाग टेम्प्लेट वापरून वाळू बनवण्याचा मान कुणालाही मिळू शकतो. म्हणून ठरल्या वेळी भांडं गार पाण्यात बुडवून अभिक्रिया थांबवतात, पूड गाळतात, धुतात, शंभर-एकशेवीस अंशांना वाळवतात.

मग भाजणी. हवेत ५०० ते ५५० अंशांपर्यंत नेऊन टेम्प्लेट जाळून टाकायचा. हा टप्पा दिसतो साधा, पण निम्मं नुकसान इथेच होतं. टेम्प्लेट जळताना उष्णता निघते आणि पाणीही तयार होतं. भट्टी झपाट्याने तापवली, किंवा पुडीचा थर जाड ठेवला, तर आत कुठेतरी तापमान भडकतं, तिथेच वाफ कोंडते, आणि ही वाफ सांगाड्यातलं ॲल्युमिनियम उपटून बाहेर काढते. आम्लाच्या जागा कमी होतात आणि बाहेर आलेलं ॲल्युमिनियम वाटेत अडकून बसतं. म्हणून थर पातळ, हवा खेळती आणि तापमान मिनिटाला एखाद-दोन अंश या गतीनेच वाढवायचं. पूड काळपट-करडी निघाली तर आत कोळसा राहिला आहे असं समजावं.

त्यानंतर आयनांची अदलाबदल. भाजलेली पूड अमोनियम नायट्रेटच्या कोमट द्रावणात ढवळायची, गाळायची, नवं द्रावण घ्यायचं, असं दोन-तीनदा. सोडियम निघतं, अमोनियम बसतं. पुन्हा भाजलं की अमोनिया उडून जातो आणि हायड्रोजन मागे राहतो. आम्ल तयार. आम्लाऐवजी वेगळा हेतू असेल तर वेगळा आयन बसवतात. झिओलाइट एमध्ये सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलं की पोटॅशियम आकाराने मोठं असल्यामुळे तोंड अरुंद होऊन ०.३ नॅनोमीटर होतं. त्यातून पाणी आत शिरतं, अल्कोहोल शिरत नाही. ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनी ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, उरलेलं पाणी त्याला चिकटूनच येतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मात्र जवळजवळ निर्जल लागतं. बारामती-इंदापूरकडच्या साखर पट्ट्यात डिस्टिलरीच्या आवारात ‘मॉलिक्युलर सिव्ह’चे जे उंच स्तंभ दिसतात, त्यांत या पोटॅशियम झिओलाइटच्या गोळ्या भरलेल्या असतात. ऊस लावणाऱ्यापासून पेट्रोल पंपापर्यंतच्या साखळीत झिओलाइट कुठे बसतो, याचा पत्ता फार थोड्यांना असतो.

इथवर पहिलं माप झालं. आता अडचण अशी की हीच लहान छिद्रं पुढे डोकेदुखी होतात.

पेठांमधल्या बोळांचा विचार करा. बोळ अरुंद असला तरी दहा पावलांचा असेल तर कुणाची तक्रार नसते. पण तोच अरुंद बोळ मैलभर लांब असेल, आत जाणारे आणि बाहेर येणारे एकाच वाटेवर असतील, तर आतल्या दुकानापर्यंत गिऱ्हाईक पोचतच नाही, आणि पोचलेलं बाहेर निघत नाही. झिओलाइटचा एक स्फटिक साधारण एक मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे त्यातली वाट तिच्या रुंदीच्या हजारपटींहून लांब. रेणू आत अडकले की ते एकमेकांना जोडून जड होतात, शेवटी त्यांचा कोळसा होतो आणि तोंडं बुजतात. अशा वेळी स्फटिकाची फक्त कडेची साल काम करते, मधला गाभा नुसता वजन वाढवतो. उपाय दोनच: बोळ आखूड करा, किंवा मधून रस्ता काढा.

रस्ता काढायची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे कॉस्टिकने सिलिकॉन विरघळवणं. झेडएसएम-५ची पूड सौम्य कॉस्टिक द्रावणात, म्हणजे लिटरला आठेक ग्रॅम सोडा, ६५ अंशांना अर्धा तास ठेवायची. बस्स. स्फटिकात दहा नॅनोमीटरच्या आसपासची, म्हणजे मूळ वाटांच्या जवळपास वीसपट रुंद छिद्रं पडतात. पण हे दर वेळी जमत नाही, कारण ॲल्युमिनियम आपल्या शेजारच्या सिलिकॉनचं राखण करतं. सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं गुणोत्तर २५ ते ५०च्या दरम्यान असेल तर पद्धत छान चालते. त्याहून खाली ॲल्युमिनियम इतकं दाट की कॉस्टिकला दातच लावता येत नाही, आणि बरंच वर गेलं तर राखणदारच नाही, मग भोकं सैरावैरा पडून स्फटिक खिळखिळा होतो. नंतर सौम्य आम्लाने धुऊन आतला गाळ काढायचा आणि अमोनियमची अदलाबदल पुन्हा करायची, कारण कॉस्टिकमधलं सोडियम आम्लाच्या जागा बळकावून बसलेलं असतं. पुडीचं वजन घटतं, हा या पद्धतीचा खरा खर्च. तरीही मला विचाराल तर हीच पद्धत सर्वांत व्यवहारी. बादली, गरम पाणी आणि सोडा एवढ्यावर काम होतं.

वाय प्रकारासाठी उलटं करतात. अमोनियमच्या रूपातला वाय वाफेत सहाशे अंशांच्या आसपास तापवायचा. वाफ ॲल्युमिनियम बाहेर काढते आणि काही रिकाम्या जागा सिलिकॉन सरकून भरून काढतो. सांगाडा किंचित आकसतो आणि उष्णतेला पुष्कळ टणक होतो. भाजणीत जी वाफ वैरीण होती, ती इथे हिशेबाने वापरली की कामाला येते. कच्च्या तेलाच्या जड भागातून पेट्रोल काढणाऱ्या उत्प्रेरकात झिओलाइट १९६२पासून वापरात आहेत, आधी एक्स आणि मग वाय. आज तिथे हा वाफवलेला वाय चालतो. त्यात एक उणीव मात्र आहे. वाफेने पडलेली बरीच भोकं स्फटिकाच्या पोटातच बंद राहतात, पृष्ठभागापर्यंत येत नाहीत. मोजणीत ती मोठी दिसतात, रहदारीला उपयोगी पडत नाहीत. म्हणून छिद्रांचं एकूण आकारमान सांगून कुणी मोठेपणा मिरवत असेल, तर ती बाहेर उघडतात का, हे जरूर विचारावं.

बोळ आखूड करायची पद्धत दिसायला जास्त देखणी. २००९ मध्ये दक्षिण कोरियातल्या र्योंग रिऊ यांच्या गटाने झेडएसएम-५चे फक्त दोन नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे बनवले. टेम्प्लेटलाच त्यांनी लांब तेलकट शेपटी जोडली होती. डोकं सांगाडा बांधतं आणि शेपटी स्फटिकाला जाड होऊ देत नाही. त्याआधी २००० साली डेन्मार्कमध्ये कार्बनच्या कणांभोवती स्फटिक वाढवून नंतर कार्बन जाळून टाकायची युक्ती निघाली होती. शास्त्र म्हणून दोन्ही सुंदर. मात्र त्या खास टेम्प्लेटची किंमत पाहिली की टनांनी उत्प्रेरक घेणारा कारखानदार वहाण पायात सरकवतो.

या सगळ्यानंतरही हातात पूडच आहे. ती उंच अभिक्रियापात्रात भरली तर वायू तिच्यातून जाणारच नाही आणि उडून नळ्यांत बसेल. म्हणून तिला आकार द्यायचा. पेट्रोलच्या कामाला चिकणमाती आणि बाइंडरबरोबर गाळ करून गरम हवेत फवारतात आणि ७० मायक्रॉनच्या आसपासचे गोल कण बनवतात. पात्रात न हलता बसून राहणाऱ्या थरासाठी बोहेमाइट नावाचा ॲल्युमिनाचा प्रकार थोड्या नायट्रिक आम्लात फुलवतात, त्यात पूड मळतात आणि जाळीतून दाबून दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या शेवया पाडतात. वाळवून भाजल्यावर बोहेमाइट कणांना बांधून ठेवतो. यात तिसऱ्या मापाची छिद्रं जन्मतात: कणाकणांमधल्या फटी. बाइंडर जास्त झाला तर शेव टणक होते पण फटी बुजतात, कमी झाला तर वाहतुकीतच भुगा होतो. मळताना स्टार्च किंवा मेथिल सेल्युलोज घालतात. भाजताना ते जळून जातं आणि जागा रिकामी ठेवून जातं. बाइंडरमधून चुकून सोडियम आलं तर आम्ल मरतं, ही आणखी एक खोच. एवढी मेहनत करून कमावलेलं आम्ल स्वस्त बाइंडरपायी घालवणं परवडत नाही.

लेपाची गोष्ट याहून रंगतदार आहे, आणि ती पुण्याच्या रस्त्यावर रोज धावते.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुरावरचे नियम लागू झाले आणि जड डिझेल गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड खूप खाली आणणं भाग पडलं. त्यासाठी ट्रक-बसला डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. हे द्रावण गरम धुरात फवारलं की अमोनिया तयार होतो. अमोनिया आणि नायट्रोजनचे ऑक्साइड झिओलाइटच्या लेपावर भेटतात आणि साधा नायट्रोजन व पाणी होऊन बाहेर पडतात. कोथरूडला वेताळ टेकडीच्या बाजूला १९६६पासून असलेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत वाहनांच्या उत्सर्जनाच्या प्रमाणित चाचण्या होतात. तिथे गाडी पास होते की नाही, हे बऱ्याच अंशी या केसाच्या जाडीएवढ्या थरावर ठरतं.

लेप बसतो कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकच्या ठोकळ्यावर. त्यात आरपार चौकोनी नळ्या असतात, चौरस इंचात सुमारे चारशे, प्रत्येकीची रुंदी जेमतेम मिलिमीटरभर. कॉर्डिएराइटच का? कारण तापल्यावर ते फारसं प्रसरण पावत नाही, म्हणून अचानक गरम-गार झालं तरी तडकत नाही.

लेप लावायची रूढ रीत म्हणजे वॉशकोट. झिओलाइटची पूड, पाणी आणि थोडा बाइंडर, म्हणजे कोलॉइडल सिलिका किंवा बोहेमाइट, एकत्र दळतात. बहुतेक कण काही मायक्रॉनच्या आत आले पाहिजेत. भरड राहिले तर पकड धरत नाहीत. अती बारीक केले तर फटी नाहीशा होतात, लेप वाळताना जास्त आकसतो आणि भेगाळतो, शिवाय दळण्याच्या माराने स्फटिकच मोडतात. घन भाग साधारण ३० ते ४५ टक्के ठेवतात. ठोकळा या गाळात बुडवतात किंवा गाळ खालून आत ओढून घेतात आणि उरलेला जोरदार हवेने उडवतात. हवा कमी पडली तर काही नळ्या बुजतात. गाळाचा घट्टपणा इथे फार महत्त्वाचा. पातळ असेल तर थर धरत नाही, दाट असेल तर चौकोनी नळीच्या कोपऱ्यांत ढीग होतो आणि सपाट भिंत उघडी पडते. कोपऱ्यातला जाड थर म्हणजे फुकट गेलेला माल, कारण त्याच्या तळापर्यंत वायू पोचतच नाही.

वाळवणही सावकाश हवं. वरून झटकन वाळलं तर पाण्याबरोबर बाइंडरचे बारीक कण पृष्ठभागाकडे ओढले जातात. वर कडक कवच तयार होतं आणि भिंतीजवळची पकड ढिली पडते. शेवटी पाचशेच्या वर भाजणी. लिटरभर ठोकळ्यावर शंभर-दोनशे ग्रॅम लेप बसला की झालं. एका बुडवणीत जमलं नाही तर दोनदा. पकड तपासायला लेप लावलेला तुकडा ध्वनिलहरींच्या पाण्याच्या टाकीत धरतात आणि किती पूड झडली ते वजनात पाहतात.

दुसरी रीत म्हणजे लेप न लावता तो जागेवरच वाढवणं. पृष्ठभागावर आधी बारीक बीजस्फटिक चोळायचे, मग तो भाग जेलसकट ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचा. स्फटिक भिंतीलाच चिकटून वाढतात आणि एकमेकांत गुंततात. बाइंडर लागत नाही. इथेनॉलमधलं पाणी काढायला ॲल्युमिनाच्या नळ्यांवर झिओलाइट एचे असे पडदे वाढवतात आणि ते उद्योगात वापरात आहेत. पण या दोन रीतींच्या मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. उत्प्रेरकाच्या लेपात कणांमधल्या फटी हव्याच, त्यांच्यातूनच धूर आत शिरतो. गाळणाऱ्या पडद्यात मात्र एक फट म्हणजे सगळा पडदा वाया, कारण पाणी आणि अल्कोहोल दोन्ही तिथूनच निसटतात. त्यामुळे ‘उत्तम झिओलाइट कोटिंग’ असं कुणी नुसतं म्हटलं तर ते कशासाठी, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. वाहनांसाठी वॉशकोटच टिकून राहिला, कारण मिनिटागणिक ठोकळे काढायचे असतील तर प्रत्येकाला दिवसभर शिजवत बसता येत नाही.

डिझेलच्या लेपात कोणता झिओलाइट? सुरुवातीला तांबं बसवलेल्या झेडएसएम-५वर पुष्कळ काम झालं. प्रयोगशाळेत तो छान चालला, गाडीत टिकला नाही. डिझेल गाडीत काजळी पकडणारी गाळणी असते. तिच्यातली काजळी जाळताना मागून येणारा धूर सहा-सातशे अंशांपर्यंत जातो आणि त्यात बरीच वाफ असते. पुन्हा तोच प्रकार: वाफ ॲल्युमिनियम उपटते. उत्तर सापडलं ते एसएसझेड-१३मध्ये, म्हणजे चॅबाझाइटच्याच घडणीच्या, पण सिलिका जास्त असलेल्या कृत्रिम झिओलाइटमध्ये. दख्खनच्या खडकात सापडतो त्याच चॅबाझाइटचा हा प्रयोगशाळेतला भाऊ. त्याचं तोंड अवघं ०.३८ नॅनोमीटरचं. अमोनिया आणि नायट्रोजनचे ऑक्साइड आत जातात, डिझेलचे जाडजूड रेणू बाहेरच राहतात. सुटलेलं ॲल्युमिनियमही एवढ्या अरुंद तोंडातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून सांगाडा लवकर कोसळत नाही, असं स्पष्टीकरण दिलं जातं. नवा लेप पसंत करण्याआधी त्याला भट्टीत आठशे अंशांच्या आसपास, दहा टक्के वाफेत तासन्‌तास छळतात. त्यातून तावूनसुलाखून निघाला तरच पुढची बोलणी.

आणि तरीही गंधक त्याला सोडत नाही. धुरातला सल्फर डायऑक्साइड तांब्याला चिकटतो आणि अमोनियाशी मिळून क्षार बनवतो. मग कमी तापमानाला लेप मंदावतो. बीएस-४च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालायचं, बीएस-६मध्ये १०. हा बदल झाला नसता तर तांब्याचा चॅबाझाइट इथे टिकणं कठीण होतं. तांब्याऐवजी लोखंड बसवलं तर गंधकाचा त्रास कमी होतो, पण थंड धुरात लोखंड आळशी. शहरात थांबत-थांबत जाणाऱ्या बसचा धूर बराच वेळ थंडच असतो, त्यामुळे गंधक साचत जातं. ते झटकायला लेप पाचशेच्या वर न्यावा लागतो. त्यासाठी इंजिनाचा संगणक मधूनमधून जास्तीचं डिझेल सोडून धूर मुद्दाम तापवतो, आणि त्या प्रत्येक वेळी गरम वाफ सांगाड्यातलं आणखी थोडं ॲल्युमिनियम हलवून जाते.